नानांचा कॅमेरा सुखरूप पोचला

ती. दादा यांना,

दोन्ही हात जोडून नमस्कार (डाव्या अंगठ्याला पट्टी असल्यामुळे तो जरा बाजूला राहिला आहे, तेवढं समजून घ्यावं). आपली प्रकृती ठीक असेल, वहिनींचे गुडघे वहिनींचं ऐकत असतील आणि मुलं अभ्यास करत असतील किंवा करतो म्हणत असतील, असं धरून चालतो. इकडे सगळे बरे आहेत. तुमच्या आई बऱ्या आहेत. तुमची बहीण तर इतकी बरी आहे की तिच्या बरेपणाबद्दल या पत्रात पुढे स्वतंत्रपणे लिहावं लागणार आहे. माझं विचाराल तर पाठ, मान, वर सांगितलेला अंगठा आणि उजवा डोळा एवढं सोडून मीही उत्तम आहे.

तुम्ही माळा आवरताना सापडलेला नानांचा व्हिडिओ कॅमेरा पाठवलात, तो पोचला. जुन्या टॉवेलांत गुंडाळलेलं ते धूड दारात पाहून मला आधी वाटलं, कुणीतरी वासरू पाठवलंय. पाठवताना फोनवर तुम्ही म्हणाला होतात की माझे हात कसबी, मी तो सहज नीट करीन आणि माझा वेळही बरा जाईल. दादा, माझा वेळ आधीपासूनच जातोय. मी कवळ्या बनवतो. लोक दात काढून मोकळे होतात आणि डॉक्टर त्यांचे साचे माझ्याकडे पाठवून मोकळे होतात, मग मी एकटाच उरतो. पण आपल्या घरात एक समजूत आहे, की ज्याच्याकडे बारीक चिमटे असतात त्याला सगळं येतं. याच समजुतीपायी आजवर मी घड्याळं, चष्मे, मिक्सर आणि एकदा शेजारच्या बाईंची बाहुली दुरुस्त केली आहे (बाहुलीला मी दात बसवले, ते तिला आधी नव्हते, तेव्हापासून त्यांची मुलगी तिच्याशी खेळत नाही).

मी तो कॅमेरा तसाच टॉवेलात ठेवून विसरलोही असतो. पण आईंनी तो उघडला, कॅसेटच्या झाकणावरच्या काचेतून आत डोकावल्या, आणि म्हणाल्या, ‘‘अहो, आत कॅसेट आहे.’’

एवढ्या वाक्याने माझे पुढचे दोन महिने गेले. कारण तुम्हाला आठवत असेल, नाना-आईंच्या लग्नाच्या चाळिसाव्या वाढदिवसाला, हॉलमध्ये भर कार्यक्रमात, हा कॅमेरा बंद पडला तो पुन्हा चालू झाला नाही. म्हणजे आत अडकलेली कॅसेट त्याच दिवसाची. आणि तो दिवस कसा गेला ते मी तुम्हाला सांगायला नको. तुमची बहीण गात होती. दुसरं कडवं रंगात आलेलं असताना कॅमेऱ्याच्या बाजूने दबक्या आवाजात कुणीतरी म्हणालं, ‘‘अगं, थांबवा गं हिला कुणीतरी!’’ हिने डोळे उघडले, तर कॅमेऱ्याच्या दिव्याच्या झगझगाटात एवढंच दिसलं: शेजारी धाकटी बहीण तोंडावर हात दाबून हसत उभी. झालं. गाणं तिथेच संपलं आणि बहिणींचं बोलणंही. धाकटी म्हणत राहिली, मी नाही बोलले. ही म्हणत राहिली, मग तुझ्या तोंडावर हात माझा होता का? त्यानंतर दोघी एकमेकींच्या घरी आल्या त्या फक्त आजारपणात आणि नाना गेले तेव्हा. तेव्हासुद्धा एकमेकींशी बोलायचं असलं की मधे आई लागायच्या. ‘‘आई, तिला सांग, चहा ठेवलाय.’’ ‘‘आई, तिला म्हणावं, मला नको.’’ तिघी एकाच स्वयंपाकघरात.

आता आईंना त्या कॅसेटमधून वेगळंच हवं होतं. नानांनी आयुष्यभर सगळ्यांचं चित्रण केलं, पण स्वतः कॅमेऱ्यामागे उभे, त्यामुळे एकाही चित्रात ते नाहीत. आवाज मात्र असतो: खोकतात, सूचना देतात, कुणाला तरी डावीकडे सरकवतात. ‘‘तेवढं तरी ऐकू दे,’’ असं आई म्हणाल्या आणि जपाला बसावं तशा माझ्या कामाच्या टेबलासमोर खुर्ची घेऊन बसल्या. तुमच्या बहिणीला पुरावा हवा होता. मला कुणी काही विचारलं नाही.

मला यातलं काही कळत नसल्यामुळे वरच्या मजल्यावरच्या सिग्नलकाकांना बोलावलं. हे प्रक्षेपण केंद्रातले निवृत्त इंजिनिअर. (खरं नाव पाटीवर आहे, पण पाटी वाचायला वर जावं लागतं, आणि वर गेलं की ते चहा पाजून लहरींबद्दल सांगतात.) काकांचा स्वभाव असा, की यंत्राला स्वतः हात लावायचा नाही. त्यांनी आमची एकमेव आरामखुर्ची घेतली, पाय स्टुलावर ठेवले, आणि तिथून मला कॅमेरा उघडायला लावला. मी स्क्रू काढायचा, त्यांनी ‘हं’ म्हणायचं. एक स्क्रू चुकीचा निघाला तर ते ‘हं’ म्हणायचे नाहीत, डोळे मिटायचे. बॅटरी फुटून तिच्यावर हिरवट-पांढरी बुरशी उगवली होती. ती दिसल्यावर काकांनी एवढा वेळ डोळे मिटले की आईंनी त्यांच्या अंगावर चादर घातली.

बॅटरीऐवजी काकांनी दिलेला अडाप्टर जोडला. कॅमेऱ्याने एक लाल दिवा लावला आणि तो गप्प बसला. दिव्याखाली थेंबाचं चित्र. म्हणजे यंत्राचं म्हणणं पडलं की आपल्याला आतून ओल आहे आणि अशा तब्येतीत काम होणार नाही. काका वर जेवायला गेले होते. हिने केस वाळवायच्या यंत्राने त्याला शेक दिला. मग आईंच्या सल्ल्याने त्याला तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलं. दोन दिवसांनी बाहेर काढला तर ओल तशीच, वर आतल्या एका दातेरी चाकात तांदळाचा दाणा. काका परत आल्यावर म्हणाले, ओल कुठेच नाही, ओल ओळखणारा भागच मेलाय, त्यामुळे कॅमेऱ्याला जन्मभर आपण भिजलोय असंच वाटणार. त्यांनी त्या भागाला वळसा घालून तार जोडायला सांगितली. (अशी माणसं माझ्याही माहितीत आहेत. पण त्यांना वळसा घालून तार जोडता येत नाही.)

पुढची पायरी डागण्याची, म्हणजे सोल्डरिंगची. अशा जुन्या कॅमेऱ्यांत कपॅसिटर नावाचे इवले इवले डबे असतात, त्यांतलं रसायन म्हातारपणी गळतं आणि सर्किट खातं. ते काढून नवे बसवायचे. मी डागणी टेकवली आणि अशी दुर्गंधी सुटली, दादा, की चार दिवस कुजलेल्या मासळीने हात टेकावेत. काका आरामखुर्चीतून आनंदाने म्हणाले, ‘‘बरोबर! हाच वास यायला पाहिजे.’’ जिन्यात मात्र रहिवासी एकमेकांच्या कचऱ्याचे डबे उघडून बघत होते. तळमजल्यावरच्या दोन घरांत या विषयावरून जे शब्द झाले ते अजून मागे घेतलेले नाहीत. मी दार लावून आत बसून राहिलो. अंगठा भाजला तो याच दरम्यान, एका हाताने नाक धरून दुसऱ्याने डागण्याच्या नादात.

एक स्प्रिंग उडाली, तेही सांगितलं पाहिजे. पापणीच्या केसाएवढी होती, चिमट्यातून निसटली आणि गेली. मी, तुमची बहीण आणि आई, आम्ही तिघं गुडघ्यांवर बसून घरभर फिरलो. काका खुर्चीतून दिशा सांगत होते. सापडली नाही. ती आठवड्याने परत आली, एका निवृत्त मुख्याध्यापिकाबाईंच्या तोंडातून. मी शेजारीच त्यांच्या कवळीचा गुलाबी गोळा कालवून ठेवला होता, त्यात ती जाऊन पडली होती आणि टाळूत पक्की बसली होती. बाई चिडल्या नाहीत. म्हणाल्या, ‘‘अहो, जांभई दिली की आत काहीतरी चकाकतं, असं नातू म्हणतो.’’ मी कवळी कोरून स्प्रिंग काढली, बाईंना नवी कवळी करून दिली, आणि स्प्रिंग जागेवर लावली. कॅमेऱ्याच्या ज्या भागात ती आहे तो भाग आता फार शिस्तीत चालतो.

राहता राहिली कॅसेट. तिची फीत आतल्या चकचकीत ढोलाला वेढा घालून बसलेली, आणि ढोल फिरवणारा रबरी पट्टा वितळून त्याचं डांबर झालेलं. ते डांबर माझ्या हातांना लागलं, हातांवरून फ्रिजला, फ्रिजवरून हिच्या पांढऱ्या ओढणीला. त्या दिवसाबद्दल जास्त लिहीत नाही. पण कॅसेट ओढून काढली असती तर फीत तुटली असती आणि नानांचा खोकलाही गेला असता. म्हणून मी दात बघायचा आरसा आत घातला, दात टोकरायची सळई घेतली, आणि एकेक चाक हाताने उलटं फिरवत फीत तसूतसूने परत कॅसेटमध्ये गुंडाळली. काकांनी पाय स्टुलावरून खाली घेतले होते. कॅसेट ‘टक’ करून वर आली तेव्हा आई म्हणाल्या, ‘‘हे असते, तर त्यांनी हातोडी घेतली असती.’’ हे कौतुक होतं असं मी समजतो.

वितळलेल्या पट्ट्याच्या जागी मी नळाच्या दुकानातला रबरी वायसर बसवला. जरा सैल होता, पण फिरत होता. मग कळलं, आमचा नवा टीव्ही हे चित्र घेईना. सिग्नल अशक्त आहे म्हणून तो निळा पडदा दाखवून तोंड फिरवायचा. मग काकांचा जुना, पोटाचा टीव्ही वरून खाली आणला. आणला म्हणजे मी आणला. काका पुढे चालत जिन्यातल्या पायऱ्या मोजत होते. पाठीचा उल्लेख सुरुवातीला केलाच आहे.

आईंनी फोन करून धाकटीला बोलावलं. म्हणाल्या, आरोपीचाही हक्क असतो. ती आली, चपला दाराशी अशा काढल्या की निघताना एका झटक्यात पायात घालता याव्यात, आणि हिच्यापासून सगळ्यांत लांबच्या खुर्चीवर बसली. मी बटण दाबलं. पडद्यावर आधी आडव्या पट्ट्या, मग बूट, मग हॉलची फरशी, मग कुणाचा तरी अंगठा. वायसर सैल असल्यामुळे फीत रेंगाळत होती, त्यामुळे सगळ्यांचे आवाज जाड झालेले. तुमची बहीण गायला लागली आणि पडद्यातून हंबरल्यासारखा आवाज आला. ‘‘ही मी नाहीच,’’ ती म्हणाली. धाकटीचा हात तोंडावर गेला, आणि हिने ते पाहिलं. मग दुसरं कडवं. आणि मग, अगदी कॅमेऱ्याला लागून, एक भरदार, दमलेला पुरुषी आवाज: ‘‘अगं, थांबवा गं हिला कुणीतरी… बॅटरी संपत आलीय!’’ त्यानंतर दोन क्षण हॉल, आणि पडदा काळा.

पहिल्यांदा आई हसल्या. ‘‘हेच!’’ त्या म्हणाल्या. ‘‘जन्मभर बॅटरीचंच पडलेलं यांना!’’ आणि हसता हसता पदर डोळ्यांना लावून बसल्या. धाकटीने काहीतरी बोलायला तोंड उघडलं, आईंकडे पाहिलं, आणि मिटलं. तुमची बहीण उठली. मला वाटलं, आता टीव्ही जातो. ती लांबच्या खुर्चीपाशी गेली आणि म्हणाली, ‘‘मग एवढी वर्षं तू नुसतं ऐकून का घेतलंस गं?’’ मधे आई न घेता. धाकटी म्हणाली, ‘‘सांगत होते की. तू ऐकत कुठे होतीस?’’ मग दोघी स्वयंपाकघरात गेल्या, दार लोटून घेतलं, आणि आतून रडण्याचा, मग भांडण्याचा आणि मग हसण्याचा आवाज आला. काका म्हणाले, ‘‘सिग्नल मिळाला.’’ मी त्यांना चहा करून देऊ शकलो नाही, कारण स्वयंपाकघर बंद होतं.

तर असं आहे. कॅमेरा नीट झाला, घर नीट झालं, माझी पाठही होईल. तुम्ही आठवणीने तो पाठवलात याबद्दल तुमचे आभार मानायचे की आणखी काही, हे मी अजून ठरवलेलं नाही. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. यापुढे माळा आवरायचा झाल्यास आधी कळवावं, म्हणजे मी गावाला जाईन.

आपला,
चिमटे बाळगल्याची शिक्षा भोगणारा
मेव्हणा

ता. क. – एक राहिलंच. धाकटी त्या दिवसापासून इथेच आहे. चपला आता कपाटात आहेत. बहिणींनी बुडालेली वर्षं भरून काढायचं ठरवलं असून, त्या दिवशी अर्धं राहिलेलं गाणं दोघी मिळून बसवत आहेत. सकाळी एकदा, संध्याकाळी दोनदा. दुसऱ्या कडव्यात धाकटी वर जाते आणि ही खाली, आणि मधे मी असतो. कवळीचा साचा घेताना हात थरथरून चालत नाही. तुमच्याकडे घर मोठं आहे, हवा चांगली आहे. दोघींना महिनाभर बोलावून घ्यावं, ही विनंती. खरं म्हणजे पत्र यासाठीच लिहायला घेतलं होतं.

ता. क. दुसरा – ‘बघू’ म्हणायच्या आत हेही वाचावं. तो सैल वायसर माझ्या मनाला लागून राहिला होता. परवा मी दातांचे ठसे घ्यायच्या सिलिकॉनमध्ये बरोब्बर मापाचा पट्टा ओतला. दोघी बाजारात गेल्या होत्या, घरी मी आणि आईच. कॅसेट लावली. या वेळी फीत तिच्या खऱ्या चालीने फिरली. पट्ट्या गेल्या, चित्र स्वच्छ. तुमच्या बहिणीचा आवाज गोड होता, दादा, हे मी बायको समोर नसतानाही म्हणतो. आणि ती गात असताना तिच्या मागून, एका हातात खुर्च्या घेऊन, दुसऱ्याने धोतराचा सोगा सावरत, नाना चालत गेले. एका चित्रात सापडले. आई उठून पडद्याजवळ गेल्या आणि म्हणाल्या, ‘‘परत लावा.’’ मी परत लावलं. कितीदा लावलं ते विचारू नका.

आता नाना पडद्यावर खुर्च्या उचलत असतील तर कॅमेरा कुणाच्या खांद्यावर होता? तो आवाज मी पुन्हा ऐकला. खऱ्या वेगात तो भरदार नव्हताच. चांगला पातळ होता. (तुमचा आवाज मुळातच पातळ आहे. फोनवर अनोळखी माणसं आजही तुम्हाला ‘बाई’ म्हणतात, यात तुमचा दोष नाही.) मी आईंकडे पाहिलं. त्या शांतपणे म्हणाल्या, ‘‘आईला काय लेकराचा आवाज कळत नाही? पण राहू द्या. यांच्याच नावावर राहू द्या. ते काही आता रुसायला यायचे नाहीत.’’ मी शब्द दिला आहे, आणि कुठे बोलणार नाही. फक्त महिनाभराचं तेवढं बघावं. शक्य तर दीड महिना.

ता. क. तिसरा – (अक्षर बदललेलं दिसेल.) दादा, यांची पत्रं पेटीत टाकायला मीच नेते आणि टाकायच्या आधी वाचते, हे यांना एवढ्या वर्षांत कळलेलं नाही. कॅमेऱ्याची स्प्रिंग बरी शोधतात. तुला सांगायचं म्हणजे, स्वयंपाकघराचं दार लावल्यावर धाकटीने पहिलं तेच सांगितलं. तू तिला गळ्याची शपथ घातली होतीस म्हणे, आणि त्या वेडीने ती पाळली, माझे सगळे टोमणे खाऊन पाळली. आई समोर नानांचा आवाज म्हणून रडत होती, तेव्हाही ती गप्प बसली. आई ते जाणून होती, हे मात्र मला आत्ता हे वाचून कळलं. म्हणजे आम्हा तिघींत फक्त मलाच माहीत नव्हतं. असो. बोलावणं धाडायची तसदी घेऊ नकोस, आम्ही शनिवारी निघतोय, दोघी. गाणं पूर्ण बसलंय. तू समोर बसून सगळं ऐकायचं आहेस, शेवटच्या कडव्यापर्यंत. आई पण येते म्हणतेय, आणि कॅमेरा घेऊन यायला हे आहेतच.